चहा न पिणारा पाहुणा

नाताळ चार दिवसांवर आला होता. सावेडीतल्या एका घराच्या दारात चांदणीचा आकाशकंदील टांगलेला होता, पण पेटत नव्हता. मामा स्टुलावर उभे राहून त्याची वायर चाचपत होते. आत मामी करंज्यांना मुरड घालत बसल्या होत्या आणि चार वर्षांनी अमेरिकेतून आलेली भाची त्यांना सारण भरून देत होती. मामा निवृत्त मुख्याध्यापक, चर्चच्या समितीवरचे जुने सभासद. भाची युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळ, सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या ऑफिसातला एक मित्र जानेवारीत भारत बघायला येतोय, दोन दिवस नगरला उतरेल आणि रविवारी आपल्याबरोबर उपासनेला यायचं म्हणतोय, एवढं तिने आतूनच ओरडून सांगितलं.

"येऊ दे की. कुठल्या मंडळीचा?"

"मॉर्मन आहे, मामा."

मामा स्टुलावरून उतरले. "मग ख्रिस्ती नाही म्हण."

"त्यांच्या चर्चच्या नावातच येशू ख्रिस्त आहे!"

"नावाचं काय घेऊन बसलीस? 2024 मध्ये आपल्या गावाचं नाव बदललं. तू अजून नगरच म्हणतेस, मीही."

"पण अर्जावर अहिल्यानगर लिहिता ना? त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, रसेल नेल्सन यांनी, 2018 मध्ये जाहीर सांगितलं की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, येशू ख्रिस्ताचं नाव असलेलं आमचं पूर्ण नाव घ्या. माणसाचं नाव त्याने स्वतः सांगायचं असतं."

"नाव त्याने सांगावं. हजेरीपटावर घ्यायचं की नाही, ते मास्तर ठरवतो."

चाळीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाचं हे उत्तर. वादाची सगळी गोम त्यातच होती. कुणाला ख्रिस्ती म्हणायचं, हे म्हणवून घेणाऱ्याने ठरवायचं की आधीपासून वर्गात बसलेल्यांनी?

या प्रश्नाला जगात उत्तरं बरीच दिली गेली आहेत. नगर जिल्ह्यात तो चर्चेला घ्यायचं कारण एवढंच की इथल्या ख्रिस्ती समाजाने जवळजवळ दोनशे वर्षं हाच प्रश्न वेगवेगळ्या वेशात सोडवला आहे, किंवा सोडवायचं टाळलं आहे. शिवाय एक योगायोग असा, की मॉर्मन आणि नगरचे मिशनरी एकाच मातीतून उगवले. 1800 नंतर अमेरिकेच्या ईशान्य भागात धर्मजागृतीची मोठी लाट आली. त्या लाटेवर 1810 मध्ये बोस्टनच्या बाजूच्या मंडळ्यांनी परदेशी मिशनसाठी 'अमेरिकन बोर्ड' काढलं. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडे जोसेफ स्मिथ नावाचा शेतकऱ्याचा पोरगा त्याच लाटेत, इतक्या पंथांपैकी खरा कुठला, या प्रश्नाने गोंधळून गेला. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर आपण भाषांतरित केला असं सांगून त्याने मार्च 1830 मध्ये 'मॉर्मनचं पुस्तक' छापलं आणि 6 एप्रिलला मंडळी स्थापन केली. त्यानंतर वीस महिन्यांनी, डिसेंबर 1831 मध्ये, अमेरिकन बोर्डाचे ग्रेव्हज, रीड आणि हर्वी नगरला येऊन राहिले. हर्वी वर्षाच्या आतच पटकीने गेले. बाकीच्यांनी मांडलेल्या कामातून शाळा, चर्च आणि 1842 मध्ये 'ज्ञानोदय' उभं राहिलं.

मॉर्मन महाराष्ट्रात आलेच नाहीत असंही नाही. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. छावणीतल्या गोऱ्या शिपायांत त्याला थोडे अनुयायी मिळाले. 1855 मध्ये त्याने मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही काढली. पण तो मुंबईत उतरला त्याच सुमारास, 1852 च्या ऑगस्टमध्ये, सॉल्ट लेकच्या पुढाऱ्यांनी बहुपत्नीत्व हा आपला धर्म असल्याचं उघड जाहीर केलं. ती बातमी जहाजाने इथे पोचल्यावर साहेबांच्या बंगल्यांची दारं धडाधड बंद झाली. फिंडले 1855 मध्ये परत गेला. बहुपत्नीत्व त्या चर्चने 1890 मध्ये सोडलं, पण "मॉर्मन म्हणजे अनेक बायका" हे समीकरण नगरच्या चर्चमधल्या बाकांवर आजही ऐकू येतं. मामांनी तो मुद्दा काढला नाही, याबद्दल त्यांना गुण द्यायला हवेत.

त्यांचा मुद्दा दुसराच होता. "हे बघ, इ.स. 325 मध्ये निकेया इथे सभा भरली. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, हे तिथे ठरलं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, आपण, सगळे एवढ्यावर एक आहोत. तुझ्या मित्राचं चर्च म्हणतं की पिता वेगळा, पुत्र वेगळा, आत्मा वेगळा, हेतू तेवढा एक. वर पित्याला हाडामांसाचं शरीर आहे म्हणे. आणि माणूसही चढत चढत देवासारखा होतो म्हणे. हे आपलं घर नाही, हे शेजारचं घर. शेजारी भला असेल, पण घर वेगळं."

"मामा, आपल्या पणजीला एकतत्त्व कळत होतं? 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर जिल्ह्यातल्या महार-मांग वाड्यांतून हजारो माणसांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना निकेया कुठल्या तालुक्यात आहे हे तरी ठाऊक होतं?"

"नव्हतं. पण न कळणं वेगळं आणि नाकारणं वेगळं. पणजीने 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' म्हणून पाणी घेतलं, त्याचा अर्थ चर्चवर सोपवला. जोसेफ स्मिथ म्हणाला, सगळ्यांचे विश्वासांगीकार चुकीचे आणि खरी मंडळी मधल्या शतकांत पृथ्वीवरून नाहीशीच झाली होती. म्हणजे पणजीचा बाप्तिस्मा फुकट गेला की!"

उत्तर चोख होतं. भाचीने करंजी अर्धवट ठेवून पुढचा मोहरा काढला, आणि तो घरच्याच फडताळातून.

"बरं. मग पंडिता रमाबाईंचं काय करायचं? 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्रैक्यावर आणि येशूच्या देवत्वावर उघड शंका घेतल्या. मी ख्रिस्ताची शिष्या आहे, पण तुमच्या चर्चचं सगळं जसंच्या तसं मानणार नाही, ही त्यांची भूमिका. सिस्टर बिचारी हैराण झाली. त्या वर्षांत रमाबाई ख्रिस्ती नव्हत्या?"

मामा क्षणभर थांबले. रमाबाईंचा फोटो त्यांच्याच दिवाणखान्यात आहे. "त्या शोधत होत्या," ते म्हणाले. "आणि पुढे पोचल्या. ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं मागे वळून त्यांनी स्वतःच सांगितलंय."

"म्हणजे न पोचलेल्या माणसालाही आपण आपलंच मानतो. फक्त ती रमाबाई असायला हवी."

मामांनी यावर ओठ मिटले. रमाबाईंना त्या काळात कुणी ख्रिस्ती समाजाबाहेर काढलं नाही, ही वस्तुस्थिती आहे. मात्र भाचीने एक गोष्ट सोयीने गाळली: रमाबाईंच्या शंका एका व्यक्तीच्या होत्या आणि पत्रांत होत्या. त्यांनी त्या शंकांचं नवं शास्त्र केलं नाही, स्वतःला संदेष्टी म्हणवलं नाही आणि दुसऱ्याच्या बाप्तिस्म्यावर काट मारली नाही. शंका घेणारा माणूस आणि शंकेच्या जागी पर्यायी सिद्धान्त बसवणारं चर्च, यांना एका तराजूत घालणं वकिली झालं.

टिळकांच्या बाबतीत मात्र तिची बाजू जड होती. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनच्या चाकरीत वीसेक वर्षं राहिले आणि 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सभासद होऊ शकत होते. मिशनला हे पचणं कठीण होतं. दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबारही फार टिकला नाही. पण नगरच्या चर्चमध्ये आजही रविवारी टिळकांची भजनं गातात, आणि गाणाऱ्यांत मामांचा आवाज सगळ्यात मोठा असतो.

"टिळकांनी दरवाजा रुंद केला हे खरं," मामा म्हणाले, "पण सिंहासनावर बसणारा तोच ठेवला."

"माझा मित्रही म्हणतो, तोच आहे."

"म्हणतो. पण कोण 'तोच', हाच तर वाद आहे ना?"

मग ह्यूमसाहेब निघाले. रॉबर्ट ॲलन ह्यूम, 1847 मध्ये मुंबईत जन्मलेले, नगरच्या ईश्वरविज्ञान शाळेचे संस्थापक. त्यांच्या नावाचं चर्च नगरात आहे. 1886 मध्ये रजेवर अमेरिकेला गेले असताना ते अँडोव्हर इथल्या ईश्वरविज्ञान शाळेच्या सभेत बोलले. ज्यांच्या कानावर या जन्मी येशूचं नाव पडलंच नाही, त्यांना मरणानंतर संधी मिळत असेल का, हा प्रश्न तिथल्या काही पंडितांनी उघडा ठेवला होता. ह्यूमनी त्यांच्याबद्दल सहानुभूती दाखवली. नगरमध्ये काम केलेल्या माणसाला तो प्रश्न पुस्तकी वाटणं शक्य नव्हतं. नव्याने ख्रिस्ती झालेला प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो तो हाच: माझ्या आजोबांचं काय झालं? बोर्डाच्या कारभाऱ्यांनी मात्र ह्यूमना भारतात परत पाठवणंच रोखून धरलं. त्या वर्षी बोर्डाच्या वार्षिक सभेत या विषयावर जोरदार जुंपली. पुढच्या वर्षी ह्यूमना परवानगी मिळाली.

"आणि आज त्यांच्या नावाचं चर्च आहे!" भाची म्हणाली. "मॉर्मन त्याच प्रश्नाचं उत्तर देतात. मेलेल्या पूर्वजांच्या नावाने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो. पहिल्या करिंथकरांच्या पंधराव्या अध्यायात मृतांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख आहे की नाही?"

"आहे. पौलाने उल्लेख केला, आज्ञा केली नाही. ह्यूमसाहेबांनी प्रश्न उघडा ठेवला, यांनी त्याचा विधी केला. फरक समजतो ना, बाई?"

इतका वेळ मामी गप्प होत्या. त्या मूळच्या हरेगावच्या बाजूच्या, कॅथलिक घरातल्या. लहानपणापासून दर सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या. कढईत करंजी सोडता सोडता त्या म्हणाल्या, "आपल्या लग्नाच्या वेळी तुमच्या वडिलांनी माझ्या बाबांना काय विचारलं होतं, आठवतंय का हो? मुलगी ख्रिस्ती आहे ना, असं विचारलं होतं. बाबा तीन दिवस जेवले नव्हते धड."

भाची हसली. मामा हसले नाहीत. सासऱ्यांच्या तोंडचं ते वाक्य या घरात दर नाताळला एकदा निघतंच, पण यंदा मामांनी ते झेललं आणि आपल्या बाजूने फिरवलं. "विचारलं, आणि चुकलंच त्यांचं. पण तू इकडे आलीस तेव्हा कुणी तुझा बाप्तिस्मा पुन्हा केला का?"

"नाही."

"का नाही केला?"

मामींनी खांदे उडवले. उत्तर मामांनीच दिलं, आणि संध्याकाळभराच्या वादात ते सगळ्यात भक्कम होतं. मेरीची मिरवणूक काढणारे आणि मेरीच्या मूर्तीपुढे मान न झुकवणारे, या दोघांचं पाणी एकच. कॅथलिक चर्च प्रॉटेस्टंटांचा बाप्तिस्मा मानतं, प्रॉटेस्टंट कॅथलिकांचा. कॅथलिक नियमांप्रमाणे तर अडचणीच्या वेळी ख्रिस्ती नसलेल्या नर्सने मरणाऱ्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून योग्य हेतूने ते शब्द म्हटले, तरी बाप्तिस्मा धरला जातो. इतकं सैल दार, तरीही 5 जून 2001 ला व्हॅटिकनने निर्णय दिला की मॉर्मन बाप्तिस्मा वैध नाही. शब्द तेच, पाणी तेच. पण 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' या शब्दांमागचा अर्थ इतका निराळा की तो विधी तोच म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या मेथॉडिस्टांनी आदल्या वर्षी, 2000 मध्ये, जवळपास हेच ठरवलं होतं.

भाचीला हे माहीत होतं. तिने आणखी एक गोष्ट कबूल केली, जी मामांना माहीत नव्हती. सॉल्ट लेकला तिच्या दारावर पांढरा शर्ट आणि काळी नावपट्टी लावलेली दोन पोरं आली होती. फार गोड बोलली. ती आधीच ख्रिस्ती आहे हे ऐकून त्यांना आनंद झाला. पण आमच्याकडे यायचं तर बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा लागेल, हेही त्यांनी तितक्याच गोडीने सांगितलं.

"बघ!" मामा म्हणाले.

"बघितलं. पण त्यांनी मला ख्रिस्ती नाही असं म्हटलं नाही, मामा. बाप्तिस्मा धरला नाही, नाव नाकारलं नाही. तुम्ही दोन्ही नाकारताय."

आपल्याकडे घोळ होतो तो नेमका या ठिकाणी. 'ख्रिस्ती' हा एकच शब्द आपण दोन कामांना जुंपतो. एक काम वर्णनाचं: हा माणूस कुणाच्या नावाने प्रार्थना करतो, कुणाच्या पुनरुत्थानावर भरवसा ठेवतो. दुसरं काम सभासदत्वाचं: याचा बाप्तिस्मा आपला का, याला प्रभुभोजनाचं ताट द्यायचं का. पहिल्या अर्थाने मॉर्मनांना ख्रिस्ती न म्हणणं हे हट्टाचं आहे. दुसऱ्या अर्थाने त्यांना आपलं न मानणं हा चर्चचा हक्क आहे, आणि मॉर्मन तो हक्क स्वतःही बजावतात. अमेरिकेत 2012 च्या अध्यक्षीय निवडणुकीत मिट रॉम्नी हे मॉर्मन उमेदवार होते. बिली ग्रॅहम यांच्या संस्थेने तेव्हा आपल्या संकेतस्थळावरच्या भोंदू पंथांच्या यादीतून मॉर्मनांचं नाव गुपचूप काढून टाकलं. शास्त्र बदललं नव्हतं, निवडणूक आली होती. असल्या उदारपणापेक्षा मामांचा सरळ नकार बरा.

पण नकारालाही इतिहास असतो. 1870 च्या दशकात अँग्लिकनांचं एसपीजी मिशन नगर जिल्ह्यात शिरलं, तेव्हा अमेरिकन मिशनची कितीतरी माणसं तिकडे गेली आणि दोन्ही मिशनांत चांगलाच बेबनाव झाला. बिशपने हात ठेवून नेमलेला नसेल तो पाळक खरा पाळक नव्हे, ही अँग्लिकनांची भूमिका. म्हणजे अमेरिकन मिशनच्या पाळकाने दिलेलं प्रभुभोजन त्यांच्या लेखी अर्धवटच. एकाच गावात दोन चर्चं, दोन शाळा आणि एकमेकांकडे पाठ. शंभरेक वर्षं हे चाललं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा वेगवेगळ्या परंपरांच्या पाळकांनी एकमेकांवर हात ठेवले आणि तो तिढा सुटला. बाळपणीचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा, दोन्ही एका छपराखाली आले. मामांचे वडील त्या पिढीतले. काल ज्यांना पुरते ख्रिस्ती मानत नव्हते, त्यांच्याच शेजारी बाकावर बसायला ते त्या वर्षी शिकले.

"मग उद्या मॉर्मनही येतील का बाकावर?" भाचीने विचारलं.

"त्या सहांनी निकेया सोडलं नव्हतं," मामा म्हणाले. आवाज मात्र मघापेक्षा खाली आला होता. "बसू दे त्याला. पहिल्या बाकावर बसू दे. गाऊ दे. ताटाचं मी पाळकसाहेबांना विचारतो."

"तो स्वतःच घेणार नाही कदाचित. त्यांच्याकडे भाकर आणि पाणी असतं, द्राक्षरस नाही. दारू नाही, तंबाखू नाही, कॉफी नाही, चहासुद्धा नाही."

"चहा नाही?" मामींनी झारा कढईवर तसाच धरला. "मग पाहुण्याला द्यायचं काय?"

नगरमध्ये त्रैक्य नाकारणारा माणूस खपून जाईल, चहा नाकारणारा खपणं कठीण. उसाचा रस द्यायचा असं ठरलं.

रात्री जेवणं झाल्यावर मामांनी कपाटातून लग्नाच्या कायद्याची जुनी, कोपरे दुमडलेली प्रत काढली. चर्चमधल्या लग्नांचे कागद वर्षानुवर्षं त्यांच्या नजरेखालून गेले आहेत, त्यामुळे हवं ते पान लगेच सापडलं. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, 1872. त्याच्या तिसऱ्या कलमात 'ख्रिस्ती' या शब्दाची व्याख्या दिली आहे: ख्रिस्ती धर्म मानत असल्याचं सांगणारी व्यक्ती. त्या व्याख्येत निकेयाचं नाव नाही, आणि बाप्तिस्म्याचंही नाही.